ओली गोणपाटं

दवाखान्यातला पोरगा म्हणाला,
पाण्याची डबी घ्या, नाहीतर नको, तुमची मर्जी.
यंत्र तसंही चालतं.
मर्जी म्हटल्यावर मी पैसे वाचवले.

पहिला आठवडा
रात्रभर नाकात मार्चचा वारा.
पहाटे घसा असा,
की कांडीवरचं सूत संपलंय
आणि नुसतं लाकूड फिरतंय.
पाचव्या दिवशी उशीवर रक्ताचा ठिपका, रुपयाएवढा.
मालन काही बोलली नाही,
खोळ भिजत घातली.

वडगावात चाळीस वर्षं माग चालवला मी.
उन्हाळ्यात शेडच्या खिडक्यांना
ओली गोणपाटं टांगायचो,
फरशीवर बादल्या ओतायचो.
सूत कोरडं पडलं की तुटतं,
हे बसलिंगप्पा मालकानं थोबाडीत देऊन शिकवलेलं.
श्वासालाही ओल लागते
हे कळायला रक्त यावं लागलं.

मग डबी आणली.
पाणी बॅटरीवाल्या नझीरकडचं,
एकाच कॅनमधलं, इन्व्हर्टरला आणि मला.
"पाणी घातलास काय?"
दिवा मालवताना मालन विचारते.
आधी विचारायची, कडी लावलास काय.

डिसेंबरात वेगळीच तऱ्हा.
खोली गार, नळी गार,
आतली वाफ थेंब होऊन गुडगुडायला लागली
आणि तीनच्या सुमाराला
थेट नाकपुडीत.
बुडालो म्हणून उठलो.
मालन हसली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
माझा श्वास अडकला आणि ती हसली.
दुसऱ्या दिवशी जुन्या खणाची पट्टी शिवून
नळीला अंगरखा घातला तिनं,
मोरपंखी, लाल काठाचा.
खण माझ्याच मागावरचा,
काठातली ती चूक मी अंधारातही ओळखतो.

जुलैत मात्र डबी कोरडीच ठेवतो.
तेव्हा भिंतीसुद्धा घाम गाळतात इथं,
हवेत आणखी पाणी कशाला.

पूर्वी करंट गेला की माग थांबायचे,
आणि त्या अचानक शांततेत
आम्ही तिथंच सुताच्या गठ्ठ्यांवर आडवे व्हायचो.
आता करंट गेला की मी उठून बसतो.
इन्व्हर्टर कुरकुरत लागेपर्यंत
मालनचा तळवा मास्कच्या भोकांसमोर,
दुधाचा अंदाज घ्यावा तसा.

सकाळी पाणी बोटभर कमी.
एवढं माझ्यातून गेलं, मला न विचारता.
उरलेलं ओतून
डबी खिडकीत उपडी ठेवतो.
शेजारच्या शेडमध्ये पहिला माग सुरू होतो,
चालतो, चालतो,
मध्येच थांबतो.
कुणीतरी गाठ मारतंय.