हरकत क्रमांक एक्केचाळीस

घणसोली विभाग कार्यालय, दुसरा मजला,
पंख्याची तीन पाती, त्यातलं एक वाकडं.
प्रस्तावित करवाढीवरच्या हरकतींची सुनावणी.
मी लिहून घेतो. एकवीस वर्षं हेच काम :
माणूस दहा मिनिटं बोलतो,
माझ्या वहीत तो दीड ओळ उरतो.

अरविंदाक्षन, सेक्टर नऊ, सोसायटीचे सचिव.
खड्ड्यांचे फोटो आणलेले, रबर लावून,
प्रत्येक खड्ड्यात मापाला उभी केलेली
अर्ध्या लिटरची बाटली.
"आधी रस्ता, मग पैसे," म्हणाले.
उपायुक्त बाई म्हणाल्या, "आधी पैसे, मग रस्ता."
दोघंही बरोबर होते,
म्हणून बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मी लिहिलं : सविस्तर चर्चा झाली.

गडाशेठ, किराणा व भुसार :
"गाळ्याला दुप्पट का? माझं दुकान काय रस्त्यावर धावतं?"
सगळे हसले. तेही हसले.
मग म्हणाले, "हसण्यावारी नेऊ नका, साहेब,"
आणि तिथेच त्यांचं बोलणं विस्कटलं.

जोमा वैती उठले. काठी खुर्चीत अडकली,
ती सोडवेपर्यंत सभागृह थांबलं.
"मना येकच इचाराचं हाय.
यो रस्ता जाते तो माजे खाचरावरशी.
जमीन घेतलीव तवा भाव तुमी ठरवला.
आता रस्त्याचा भाव पन तुमीच ठरवताव.
मंग आमी भाव ठरवाचा कंदी?"

इतिवृत्तात : प्रकल्पग्रस्तांना सवलत मिळावी, अशी सूचना.
त्यांनी सवलत मागितलीच नव्हती.
पण 'कंदी'साठी
आमच्या तक्त्यात रकाना नाही.

दारापाशी मंदा शिरसाट, कंत्राटी सफाई.
तिच्या अर्जावर मालमत्ता क्रमांक नाही,
अर्ज छाननीतच बाद.
तरी ती उभी होती, तरी ती बोलली :
"घर नावावर नाय म्हणून तोंडपण नाय का?
वाढवा की पट्टी. पण सात तारखेला पगार होणार असंल तर वाढवा.
गेल्या साली चौकात लोखंडाचे फ्लेमिंगो आले,
गुलाबी, पाय लांब लांब.
आमचे हातमोजे नाय आले."
अरविंदाक्षन यांनी खाली पाहिलं,
फोटोंकडे की घड्याळाकडे, मला कळलं नाही.
"हे विषयपत्रिकेत बसत नाही," बाई म्हणाल्या, हळूच,
जणू त्यांनाच ते ऐकायचं नव्हतं.
माझं पेन कागदावर टेकलेलं होतं.
एक ठिपका पडला. तो पान चौदावर आहे.

चहा झाला. बिस्किटं संपली.
शिपायाने पुकारलं :
"एक्केचाळीस. सौ. शालन गजानन धुमाळे."

ती माझी बायको.
अर्ज मी लिहिलेला, जेवणं झाल्यावर,
अक्षर डावीकडे झुकवून, ओळखू येऊ नये म्हणून :
पाणी दिवसाआड, गल्लीतला दिवा चार महिने बंद,
वाढ नेमकी कशाची?
सही करताना शालन म्हणाली होती,
"पण तुमचा पगार त्यातूनच येतो ना?"
मी म्हटलं, तो विषय वेगळा.

शिपायाने तीनदा नाव घेतलं.
मी लिहिलं : अर्जदार गैरहजर.

निर्णय राखून ठेवला गेला. 
तो असा किती ठिकाणी ठेवलेला असतो,
शोधायला गेलं तर कपाटं पुरणार नाहीत.

रात्री घरी जाताना, त्याच बंद दिव्याखाली,
मी स्कूटर हळू केली. आमचा खड्डा मला पाठ आहे.
समोरून एक मुलगा सुसाट येत होता, नवखा असावा.
मी हेडलाइट दोनदा मिचकावला.
तो वळला, वाचला, शिवी देऊन गेला.

या कामाचं बिल
कुणाच्या नावे काढायचं,
ते अजून ठरलेलं नाही.