मोज

तासिका तत्त्वावरचा मी,
ताशी दरानं आंतरराष्ट्रीय व्यवसाय शिकवतो
फैजपूरच्या कॉलेजात, सोमवार ते बुधवार.
मार्चचं बिल जुलैत निघतं.
चलनातल्या चढउतारांबद्दल
मला अधिकारानं बोलता येतं.

आज फळ्यावर लिहिलं : देशादेशांमधलं मानसिक अंतर.
खाली घटक : भाषा, कायदा, चलन, जेवणाची वेळ.
जेवणाची वेळ मी पदरची घातली,
शेवटच्या बाकासाठी.

हे अंतर मोजतात राजधानीपासून राजधानीपर्यंत.
म्हणजे दिल्ली ते तेहरान,
असं म्हणता म्हणता खिडकीतून
सावद्याच्या रस्त्यानं जाणारा कंटेनर दिसला,
आत साडेतेरा अंश, बाहेर चव्वेचाळीस.
दिल्ली त्याच्या वाटेवर नाही.
त्याला भुसावळ लागतं, धुळं लागतं,
मग घाट, मग समुद्र.

दुसऱ्या बाकावरून हलीमा तडवी म्हणाली,
सर, माह्या मायले इराण दिल्लीहून जवळ पडतं.
वर्ग हसला. मी पण. मग विचारलं, कसं काय?

तिची माय सुकीच्या काठावरच्या पॅकहाऊसात
फण्या तुरटीच्या पाण्यातून काढते,
मध्ये फोम घालते, तेरा किलोला पेटी मिटते.
पेटीवर चिकटवायच्या पट्टीवरची अक्षरं
हलीमानं मक्तबातल्या ओळखीवर लावली :
मीम, वाव, ज़े.
मोज़. म्हणजे केळं, तिकडच्या भाषेत.
माय म्हणाली, अवं, मोजूनच तं रायली मी,
आनखी किती मोजू?

तेव्हापासून दर पट्टीवर अंगठा दाबताना
ती पुटपुटते, मोज.
दिवसाच्या चारशे पेट्या.

फळ्यावर मी भाषेपुढे प्रश्नचिन्ह काढलं
आणि तास संपला.

माझा शोधनिबंध परत आलाय.
दुसरा परीक्षक लिहितो : नमुना लहान आहे.
अकराच पॅकहाऊस का?
हे ठिकाण नेमकं कुठे आहे ते नकाशावर दाखवा,
आणि जगाला यातून काय कळेल, तेही.
मुदत चार आठवडे.
भंगाळे सर म्हणतात, कशाला डोकं लावता,
पाच हजार भरा, ते दुसरे आठवड्यात छापतात,
मुखपृष्ठावर पृथ्वीचा गोल असतो.

गुरुवारी प्रश्नावली घेऊन सुकीवर गेलो.
शरीफाबाईचा हात थांबत नव्हता,
म्हणून मी वाचत गेलो, ती सांगत गेली.
प्रश्न चौदा : परदेशातला ग्राहक तुम्हाला
किती दूरचा वाटतो? एक ते पाच सांगा.
एक म्हणजे अगदी जवळचा.

तिनं पुढची फणी उचलली, उन्हाकडे फिरवली.
विसाव्या दिवशी तो पेटी खोलीन, म्हणाली.
केयीले नखाएवढा डाग दिसला
तं मुकादम इथं माही हजरी कापतो.
दूर कुठचा, मास्तर?
हा काय, हातावर बसेल हाय.

मग एक लिहू?
एक बी कायले, ती म्हणाली. शून्य लिवा.

शून्य आमच्या पट्टीवर नाही.
आमची पट्टी एकपासून सुरू होते,
उप्सालापासून ओसाकापर्यंत तीच वापरतात,
बदलली तर तुलना होत नाही.
हे तिला सांगावं की परीक्षकाला,
या विचारात पेन धरून उभा होतो
तेवढ्यात फणीच्या देठातून चीक ठिबकला
बरोबर चौदाव्या प्रश्नावर.
पाण्यासारखा होता, मी बाहीनं पुसला.

सकाळी पाहिलं तर काळा.
बाहीवर, आणि एकपासून तीनपर्यंतच्या आकड्यांवर.
अशा वेळी रकान्यात लिहायचं असतं,
उत्तर उपलब्ध नाही.

तीन आठवडे उरलेत.
रकाना अजून तसाच आहे.