उजवीकडून डावीकडे

त्या पुस्तकात नावाड्याचा चेहरा
शेवटपर्यंत दिसत नाही.
टोपी दिसते, मान दिसते,
वल्ह्यावर चार बोटं.
पाचवं कुठे गेलं
ते चित्रकाराने सांगितलेलं नाही
आणि मी दोन वर्षांत विचारलेलंही नाही.

जपानातलं कुठलंसं खाडीकाठचं गाव.
पूल होतोय. दर पाच-सहा पानांनी
मागे एक खांब वाढतो.
शेवटी नावाडी धक्क्यावर बसून राहतो
नऊ पानं, पानभर एकेकच चौकट,
आठवीत फक्त पाणी,
नववी कोरी.

बेलापूरला, दुकानाचं शटर अर्धं ओढून,
लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर पाय टाकून
मी ते वाचायचे
आणि नावाडी माझ्याशी आगरीत बोलायचा.
छापलेलं इंग्रजी होतं, तेही मोजकंच,
पण फुग्यात काहीही असो
मला ऐकू यायचं,
बस गो पोरी, भरती आयली.
आवाज आमच्या दिवाळ्याच्या नामा नाखव्याचा.
त्याचाही चेहरा मला आठवत नाही,
म्हणून जमलं असावं.

मग सिनेमा आला.
सीवूड्सच्या मॉलमध्ये, मंगळवारी, शेवटचा खेळ,
आम्ही सात जण आणि एसी.
पहिल्याच मिनिटाला नावाडी वळला.
देखणा माणूस. गालाला खळी.
पाचही बोटं.
हिंदीत बोलला, सिमेंटच्या जाहिरातीसारखं भरीव.

नऊ पानांचं काय केलं म्हणाल
तर अकरा सेकंद. मी मोजले.
त्यातही व्हायोलिन.
कोऱ्या चौकटीच्या जागी सूर्य मावळला
आणि पुलावरून एक बाई धावत आली
जी पुस्तकात नाहीच.

खोटं कशाला बोलू, एका जागी मात्र मी हरले.
वल्हं फिरताना ओलं लाकूड दोरीला घासतं
तो आवाज.
कुर्र, मग पाणी, मग बराच वेळ काही नाही, मग कुर्र.
पुस्तकात तिथे हवेत तीन जपानी अक्षरं आहेत.
मी त्यांना चिलटं समजत होते.

घरी येऊन पुस्तक उघडलं तर
टोपीखाली खळी.
मान बघितली तरी खळी.
फुगे हिंदीत.
नामा नाखवा कुठल्या पानावरून उतरून गेला
कळलंच नाही, हाकही मारली नाही त्याने.
महिनाभर ते पुस्तक टोनरच्या खोक्याखाली होतं.

तिथून ते गजेंद्रला सापडलं,
आमच्याकडे लॅमिनेशनला असतो तो.
जेवणाच्या सुट्टीत त्याने वाचलं,
आपण वाचतो तसं, डावीकडून.
म्हणाला, ताई, भारी आहे.
आधी काहीच नसतं. मग पाणी. मग एक म्हातारा.
मग सरकार पूल पाडायला घेतं, एकेक खांब,
आणि होडीत माणसं वाढत जातात,
कोंबड्या, सायकल, एक भांडणारी जोडी,
शेवटी नवरी येते आणि संपतं.
बोलणं नाही कळलं.
उत्तर आधी, प्रश्न मागून.
आमच्या घरी पण तसंच आहे म्हणा.

मी तोंड उघडलं होतं
त्याला सांगायला की हे उलटं—
तेवढ्यात त्यानेच विचारलं,
हा आधी वल्ह्यामागे अंगठा लपवून का बसतो?
लपवून?
मग काय, शेवटी नवरीला हात देतो ना,
तिथे आहे की.

पहिलं पान. म्हणजे त्याचं शेवटचं.
मी ते शंभरदा उलटलं असेल,
नवरीच्या छत्रीकडे बघत.
छत्रीखाली हात आहे,
नखाएवढा, उघडा,
एक, दोन, तीन, चार,
आणि अंगठा.
बाजूला गजेंद्रच्या अंगठ्याचा ठसा, तेलकट,
बोंबलाचा वास येणारा.

सिनेमावाल्यांनी हे पान नीट पाहिलं होतं तर.

मला चेहरा दिसला नाही,
आवाजही आला नाही. फक्त
होडीत पाय टाकताना खालची फळी हलते
तसं काहीतरी पोटात हललं.

ताई, गजेंद्र म्हणाला,
सिनेमा पण असाच मागून बघायचा असतो का?
मी म्हटलं, तू आधी ठाकूरांच्या पत्रिका काप,
संध्याकाळी न्यायला येतील.