वजनकाट्याची पावती

पावतीच्या पाठीवर रस्ता काढतोय.
पुढच्या बाजूला छापलंय : तवियन, फोडलेला दगड,
अडतीस टन दोनशे किलो, चालकाची सही.
पाठीवर बॉलपेनची रेघ, शारजातून निघालेली,
अजून कुठेच न पोचलेली.

वैजयंती सोमवारी उतरली. महिन्याचा व्हिसा,
त्यातला एकच शुक्रवार माझा.
"मॉल नको," म्हणाली,
"बारा वर्षं कुठून कुठे जाता ते दाखवा."

आता आली का पंचाईत.
मला रस्ते माहीत आहेत ते असे :
कुठे काटा, कुठे रडार,
कुठल्या चढाला इंजिन तापतं,
कुठल्या पेट्रोलपंपामागे अंघोळीपुरतं पाणी मिळतं.
सुंदर कुठला, हे कुणी विचारलं नव्हतं.
त्याचं भाडंही कुणी देत नाही.

गुल जमान म्हणतो, नव्या रस्त्याने जा,
बोगद्यामागून बोगदा, पाऊण तासात खोरफक्कान.
बोगद्यात काय दाखवू? दिवे?
कोया करक ओतता ओतता म्हणतो, जबल जैस,
डिसेंबरात सगळे तिथेच.
म्हणूनच नको. शिवाय वळणं.
आदर्कीच्या घाटात, लग्नाच्या आठव्या दिवशी,
हिने माझ्या नव्या शर्टावर... असो.

मग धैदवरून. जुना रस्ता, सावकाश.
पहाटे धुकं असेल, वाळू ओलसर, तांबडी,
उंट कडेला उभे,
कुणीतरी 'इथेच थांबा' सांगून विसरून गेल्यासारखे.
घाफची झाडं मी कायम केबिनमधून, वरून पाहिलीत.
भाड्याच्या बुटक्या गाडीतून
ती उंच दिसतील बहुतेक.
मसाफीच्या बाजारात थांबू.
ती सतरंजीची किंमत विचारेल, रुपयांत करेल,
घडी होती तशी घालून ठेवेल.
पुढे डोंगर.

डोंगरांचीच धास्ती आहे.
झुडूप नाही, खडक करपलेल्या भाकरीसारखा.
"हे तर आपलं कुळकजाई," म्हणाली तर?
"याच्यासाठी का विमान?"
मग कसं सांगू, की सकाळी ऊन तिरपं लागलं
की हेच करपलेलं जांभळं होतं,
दहा मिनिटं, जास्त नाही,
आणि तेवढ्यात माझा नंबर लागतो काट्यावर.

दिब्ब्याला समुद्र. तिथे मासळी खाऊ.
दिब्ब्याच्या पुढे रेघ थांबलीय.
परतायला दोन वाटा : आल्या वाटेने,
नाहीतर तवियनवरून,
जिथे डोंगराला कापून कापून पायऱ्या पडल्यात.
तिथे एक सुळका होता, गाढवाच्या कानासारखा.
मी आलो त्या वर्षी होता.
थोडा थोडा मीच नेला तो,
दिवसाला तीन खेपा, समुद्रात भर टाकायला.
आता त्याच्यावर कुणाची तरी खिडकी आहे,
पडदे लावलेली.

हे काय दाखवायचं?
आणि हे नाही, तर मग बारा वर्षांतलं
दुसरं काय आहे माझ्याकडे?

पेन टेकवून बसलोय, ठिपका मोठा होत चाललाय.
आतून विचारते, "स्वेटर खरंच घेऊ? वाळवंटात?"
"घे. दोन घे. वर वारा असतो."
पावती दिव्याला धरली
तर दिब्ब्याच्या समुद्रात उलटे आकडे दिसतात.
खाली ठेवली.

चारला निघायचंय.
डबा नको म्हटलं होतं,
तरी ही शेंगदाणे कुटायला बसलीय,
एवढ्या रात्री, जमिनीवर,
आणि पलीकडचा बलुची भिंतीवर टकटक करतोय.
थांब म्हणायला हवं.
कुटू दे.