डावीकडचं दार

निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागं,
पत्र्याच्या खोलीत जिनगोंडाकाकानं टीव्ही मांडला होता.
खाली लाल कॅसेट घातलेलं यंत्र, दोन रिमोट,
एकाचं वरचं बटण मेलेलं.
अर्ध्या तासाला तीन रुपये.
मुंगी दिसली तर उचललेला पाय तसाच धरणारा माणूस,
दिवस मावळायच्या आत जेवून घेणारा,
आमच्या हाती बंदूक देऊन
शेजारी बसून वहीत वेळ लिहायचा.

खेळ तोच होता.
कोल्हापुरात आतेभावाच्या, सन्मतीच्या, कॉम्प्युटरवर होता तोच.
फक्त आमच्यापर्यंत येताना
त्याला बरंच काही वाटेत उतरवून ठेवावं लागलं होतं.
जमिनीवरच्या फरशा गेल्या, नुसता मातकट रंग उरला.
चित्र आखडलं, चारी बाजूंनी काळा काठ आला.
आणि राक्षसांना पाठ नव्हती.
कुठूनही जा, तोंड आपल्याकडंच,
मागून गाठायची सोयच नाही.

मला वाटायचं, राक्षस असेच असतात.

रविवारी रात्री, दर उतरला की, एसटीडी बूथवर.
'दुसऱ्या खोलीत हिरवं पाणी हाय?'
'हाय.'
'तिथनं डावीकडं दार.'
'न्हाई. भिंत हाय.'
'दार हाय की रं. नीट बघ.'
'भिंत हाय.'
चाळीस किलोमीटर, पण मीटर दिल्लीला लावल्यासारखा पळायचा.
'मग तुमचा डुप्लिकेट असणार,' तो म्हणाला
आणि त्याच्या आईनं त्याला झोपायला हाक मारली.

डुप्लिकेट.
हा शब्द घेऊन मी बूथच्या पायरीवर
बराच वेळ बसलो. सुटे पैसे परत घ्यायचे राहिले.

त्याच आठवड्यात कन्नडच्या बाईंनी शिकवलं,
बागिलु म्हणजे दार, गोडे म्हणजे भिंत.
दहा-दहा वेळा लिहून आणा.
लिहिलं. मग सहा रुपये घेऊन
त्या भिंतीला नाक लावून, बटण दाबत,
या टोकापासून त्या टोकापर्यंत घासत गेलो.
आधी म्हणालो, उघड.
मग म्हणालो, तेगी.
खेळातला माणूस दरवेळी नुसतं 'हं' करायचा,
पोतं उचलताना हमाल करतात तसं.

'वेळ झाली,' काका म्हणाला.
वही मिटली. परत उघडली.
'आरं, ज्यानं ह्यो एवढ्या डबड्यात बसवला
त्याला जागा पुरली नसंल.
दार ठेवायचं तर एक राक्षस काढाय लागला असता.
तू काय काढलं असतंस?'

मी अजून सांगितलेलं नाही.
काका गेला त्याला अकरा वर्षं झाली.

आता हा खेळ कशावरही चालतो.
माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या
बिलाच्या यंत्रावर एका पोरानं चालवून दाखवला,
बोटभर पडद्यात, हसत हसत.
परवा फोनवर मूळचा उतरवून घेतला.
फरशा आहेत, नक्षीच्या.
राक्षस पाठ करून उभे असतात,
गिरणीत दळणाच्या नंबराला उभे असावेत तसे,
आणि मला गोळी घालवेना.
हिरवं पाणी. डावीकडं दार.
उघडलं.
तीन पायऱ्या, एक बाटली,
एक खिडकी, तिच्यातून करडे डोंगर.
एवढंच.

सन्मतीला फोन केला. आता मीटर नसतो.
सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला,
'कुठलं दार?'

लाल कॅसेट आहे अजून.
दोनदा फुंकर मारली की लागते.
रात्री शटर अर्धं ओढून बसतो.
काळा काठ, मातकट जमीन,
सगळे माझ्याकडंच तोंड करून.
भिंतीपाशी जातो.
तेगी, म्हणतो.
'हं,' म्हणतो तो.