खालची ओळ आधी वाचा

चौदा डबे गेले की रामबागेत दोन वाजतात.
ओटा पुसून होतो न होतो तोच
वरच्या मजल्यावरची ऋजुता लॅपटॉप घेऊन खाली येते.
पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे.
म्हणते, मावशी, वही पुरे, आता हिशेब यालाच शिकवू.
मी एका बोटानं टाइप करते.
बाकीच्या बोटांना कणीक असते.

पहिल्या दिवशी पडद्यावर लाल अक्षरं उमटली
आणि मी हात मागे घेतला, तव्याला लागल्यासारखा.
काय मोडलं गं?
काही नाही मोडलं. ते तुमच्याशी बोलतंय.
एवढं सगळं नका वाचू, खालची ओळ आधी वाचा.

खालची ओळ म्हणाली, नेम एरर.
वर मी लिहिलं होतं पोळी, खाली पोळि.
यंत्राचं म्हणणं एवढंच की
पोळि नावाचं इथे कुणी राहत नाही.
बरोबर आहे. आमचा जुना पोस्टमनसुद्धा
एका वेलांटीपायी मनीऑर्डर परत न्यायचा.

टाइप एरर मात्र डोक्यात शिरेना.
तीन हा अंक, 'तीन' हा शब्द,
दिसायला सख्खे, पण बेरीज होत नाही म्हणे.
ऋजुता परोपरीनं सांगत होती,
सुट्टीची सकाळ होती,
तेवढ्यात खाली कचऱ्याची गाडी गात आली.
मी बादल्या घेऊन धावले. घाईघाईत
मेथीच्या काड्या सुक्यात गेलेल्या.
गाडीवरच्या बाईनं बादली तशीच माझ्या हातात परत ठेवली.
रागावली नाही. म्हणाली, दीदी, ये इसमें नहीं.
जिना चढताना अर्ध्यावर मी थांबले.
अगं, कळलं!
वर पोचेपर्यंत पुन्हा थोडं विसरले, ते वेगळं.

चौदावा डबा मागितला तर नाही म्हणालं.
मोजणी शून्यापासून असते, मावशी.
म्हणजे शून्यावा डबा? असा शब्दच नाही मराठीत.
शून्यावर कोण आहे मग?
डबीर सर. सगळ्यात आधी तेच लागले ना तुमच्याकडे.
छावणीच्या शाळेत गणित शिकवलं त्यांनी चाळीस वर्षं.
सांगितलं तर डबा हातात धरून हसत बसले,
वरण गार होईपर्यंत.

दिवाळीचा महिना भरून पाहिला.
होस्टेलची मुलं गावी, सर मुलीकडे देवासला,
गॅसचा खर्च भागिले डबे, आणि डबे शून्य.
शून्यानं भागता येत नाही, लाल अक्षरांत.
गेल्या भाऊबीजेच्या रात्री
मी हेच वहीत भागायला बसले होते
आणि रडले होते, माझंच काही चुकतंय असं वाटून.
कुणी सांगायला नको होतं का तेव्हा,
एका ओळीत?

मार्चमध्ये डबीर सर गेले.
हिशेब रोज बिनबोभाट चालत राहिला.
चौदा डबे, बेचाळीस पोळ्या,
एक अक्षर लाल नाही.
रात्री तीन पोळ्या उरायच्या.
सकाळी मी त्या कुस्करून फोडणीला टाकायची
आणि संध्याकाळी पुन्हा बेचाळीस लाटायची.
महिना झाल्यावर ऋजुताला विचारलं,
ही कुठली एरर?
ती बराच वेळ पडद्याकडे बघत होती.
हिला नाव नाही, मावशी. हे त्याला दिसत नाही.
आपल्यालाच बघावं लागतं.

मग मीच ती ओळ खोडली. एका बोटानं.
शून्यावर आता सोनटक्के आले,
त्यांना लसूण चालत नाही.

काल सवयीनं सरांची बाकी विचारली गेली.
लाल झालं.
मी घाबरले नाही, शिकवल्याप्रमाणे
खालची ओळ आधी वाचली.
की एरर, पुढे दोन टिंबं,
आणि अवतरणात नुसतं नाव:
'डबीर'.