घोड्याचा कोल्हा

सानेत्तीवर रोज रात्री हिवाळा येतो
आणि रोज दुपारी उन्हाळा.
मधल्या वेळात मी लांडगे मोजतो.

मोजतो म्हणजे काय,
डालाचाच्या पाठीवर बसून राहतो,
दुर्बिणीवरचं दव बाहीने पुसतो
आणि थांबतो.
डालाचा माझा घोडा. करडा, म्हातारा.
थांबणं त्याला माझ्यापेक्षा बरं जमतं.

लोबेलियांनी रात्रभर पानं मिटून धरली होती,
आतला कोंब गोठू नये म्हणून.
आता एकेक पान सुटतंय.
जमीन भुरभुरते.
बिळातून मोठा उंदीर गालांपर्यंत वर येतो,
तोंडभर गवत ओढतो, परत आत.
त्याच्या डोक्याशी एक तपकिरी पाखरू कायम उभं.
पाखरू उडालं की उंदीर गेला.
पाखरू उडायच्या आत पोचला तर लांडगा जेवला.
पठाराचा कायदा एवढाच.
कार्यालयाच्या भिंतीवर लावलाय तो वेगळा.

तांबडा, लांब तंगड्यांचा, गळ्याशी पांढरा.
आमच्यात त्याला घोड्याचा कोल्हा म्हणतात.
गाभण घोडीच्या मागे मागे दिवसभर चालतो,
वार पडली की खातो,
शिंगराला तोंड लावत नाही.
माझी आत्या म्हणायची, कोल्हा कसला,
सुईणच ती, मजुरी घेऊन जाते.

ज्या वर्षी रोग आला
त्या वर्षी मी मोजत नव्हतो, मेंढ्या राखत होतो.
आमचा बूबा, एका कानाचा कुत्रा,
तीन दिवस पाणी बघून मागे सरला
आणि चौथ्या पहाटे वर पठाराकडे पळाला.
येईल परत, वडील म्हणाले,
दार उघडं ठेवलं.
परत आली ती बातमी.
एकाच कळपातले अकरा,
कुठे कुठे पडलेले,
एक ओढ्याकाठी, पाण्यापासून हातभर लांब.

बूबानेच नेला
की दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याने,
ते कुणाला सांगता यायचं नाही.
विचारायलाही कुणी आलं नाही.
मीच गेलो.
म्हटलं, मला घोडा येतो.

मंगळवारी लशीची पेटी घेऊन खाली उतरतो.
बर्फ, सुया, लाल रंगाची डबी.
टोचलेल्या कुत्र्याच्या पाठीवर एक रेघ ओढायची,
म्हणजे त्यालाच पुन्हा टोचलं जात नाही.

शेमसिया दारातच उभी राहिली.
"मागच्या साली गवत बंद केलंत,
या साली कुत्रा धरायला आलात.
लांडगा माझं कोकरू नेतो, कबेतो,
तेव्हा त्याला कोण टोचतं?"

मला काही सुचलं नाही.
तिनेही सुचण्याची वाट बघितली नाही,
कॉफी ठेवली. मीठ घालून, आमच्याकडे पितात तशी.
पहिला पेला बोलण्याविना गेला.
दुसऱ्याला बार्लीचा भाव निघाला,
मग तिच्या नवऱ्याचा गुडघा.
तिसरा ओतला तेव्हा तिची धाकटी
कुत्र्याचं तोंड दोन्ही हातांत गच्च धरून आली.
म्हणाली, टोच.
मी डोळे मिटते.

कुत्र्याने नाही मिटले.

संध्याकाळी परत वर. वारा,
आणि पाठीला पाठ लावून बसलेले दोन हंस,
निळ्या पंखांचे, त्यांना मोजायचं काम माझं नाही.
लांडगे सात.
काल सात. परवा सात.
मग अंधार पडता पडता आठवा,
या साली जन्मलेलं पिल्लू,
गाईंच्या पायांमधून, गाईंच्याच चालीने,
उंदराला कळू नये म्हणून
गाय होऊन येत होतं.

गाई शेमसियाच्या. शिंगाला निळी चिंधी.
हद्दीच्या दगडाच्या चांगल्या
दोनशे पावलं आत.

वही उघडली.
बोटं वळत नव्हती, फुंकर घालून वळवली.
पिल्लू लिहिलं.

गाई लिहिल्या नाहीत.